सोने, बूट आणि न बोलणारा सिनेमा

बालमित्रांनो,

मागच्या महिन्यात शुक्रवारच्या वर्गात आपण सर्वांनी मिळून चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' पाहिला. सुरुवातीला छोट्या गटाने बरीच कुरकुर केली. "काकू, रंग नाही, बोलणं नाही, मग बघायचं काय?" दहा मिनिटांनी तीच मंडळी सतरंजीवर लोळून हसत होती. सिनेमा संपल्यावर तुम्ही प्रश्नांचा नुसता भडिमार केलात. पण खोली वेळेवर रिकामी करून द्यायची असल्यामुळे उत्तरे राहून गेली. 'पुढच्या अंकात लिहीन' असे मी तेव्हा कबूल केले होते. तो शब्द आज पाळते आहे.

तुमच्या प्रश्नांपैकी पाच मी निवडले आहेत. पाचवा प्रश्न सर्वांत सोपा वाटला होता, पण त्याचेच उत्तर मला सर्वांत जास्त शोधावे लागले.

१. ती माणसे एवढ्या बर्फात कशाला गेली होती?

सिनेमाच्या सुरुवातीचे दृश्य आठवा. पांढरा शुभ्र डोंगर आणि त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी वर चढणारी माणसे. हे दृश्य काल्पनिक नाही. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा भाग आहे. तिथल्या क्लॉन्डाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात सोने सापडले. त्या काळी तिथून बातमी बाहेर यायलाच जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेली माणसे बोटीतून अमेरिकेच्या सिॲटल बंदरात उतरली आणि सगळीकडे एकच गडबड उडाली. दुकानदारांनी दुकाने सोडली, कारकुनांनी नोकऱ्या सोडल्या. सुमारे एक लाख माणसे उत्तरेकडे निघाली, असा अंदाज आहे.

वाटेत चिलकूट नावाची खिंड होती. खिंडीपलीकडे कॅनडाची हद्द. तिथल्या पोलिसांचा नियम असा, की वर्षभर पुरेल इतके सामान बरोबर असेल तरच आत सोडायचे. आत उपासमारीने माणसे मरू नयेत म्हणून हा नियम होता. हे सामान सुमारे एक टन भरे. एक टन म्हणजे हजार किलो! घोडे त्या उभ्या चढावर चालत नसत. मग माणूस पाठीवर एक गाठोडे वर नेई, ठेवी, खाली येई आणि दुसरे उचली. अशा तीसचाळीस फेऱ्या कराव्या लागत. म्हणून ती मुंग्यांसारखी रांग.

निघालेल्या लाखापैकी तीसचाळीस हजार माणसेच क्लॉन्डाइकला पोचली. बहुतेक जण १८९८ मध्ये पोचले, तोवर चांगल्या जागा आधीच्या लोकांनी आपल्या नावावर करून घेतल्या होत्या. सोने मिळाले ते चारेक हजारांना, आणि त्यातही श्रीमंत झाले ते फारच थोडे. फावडी, तंबू, बूट आणि डाळीपीठ विकणाऱ्या दुकानदारांचे मात्र चांगलेच साधले.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अशा धाडसी जीवनावर जे सिनेमे निघतात त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात. बोलपट येण्यापूर्वीच असे शेकडो सिनेमे निघाले. उदाहरणार्थ, १९१४ सालचा 'द स्पॉयलर्स' अलास्कातल्या सोन्याच्या खाणींवरचा होता आणि त्यातली मारामारी फार गाजली. अशा सिनेमांचा नायक घोड्यावर बसणारा, पिस्तूल चालवणारा, धिप्पाड माणूस असे. चॅप्लिनने त्याच बर्फात एक बुटका, ढगळ विजारीतला, हातात वेताची काठी घेतलेला माणूस उभा केला. त्याच्याजवळ ना घोडा, ना पिस्तूल, ना धड कोट. खरे पाहिले तर लाखातले बहुतेक लोक त्याच्यासारखेच असणार.

२. चार्लीने खरोखर बूट खाल्ला का?

हा प्रश्न सर्वांनी विचारला! उत्तर आहे, हो, खाल्ला. पण तो बूट चामड्याचा नव्हता. ज्येष्ठमधाची काळी चिवट मिठाई असते, तिचा तो बूट बनवला होता. नाडीसुद्धा तिचीच. चॅप्लिन कामाच्या बाबतीत इतका काटेकोर होता, की एवढ्याशा प्रसंगाचे चित्रण तीन दिवस चालले आणि तो त्रेसष्ट वेळा केला गेला, असे सांगतात. ज्येष्ठमध जास्त खाल्ले की काय होते ते तुमच्या आजीला विचारा. चॅप्लिन आणि बिग जिमचे काम करणारा मॅक स्वेन या दोघांची पोटे बिघडली.

हसून झाले असेल तर आता पुढे वाचा. हा प्रसंग चॅप्लिनला सुचला तो एका खऱ्या आणि भयंकर घटनेवरून. १८४६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाकडे निघालेला कुटुंबांचा एक तांडा सिएरा नेवाडा पर्वतात बर्फात अडकला. खायला काही उरले नाही तेव्हा त्यांनी जनावरांची कातडी उकळून खाल्ली. शेवटी काहींनी मेलेल्या माणसांचे मांसही खाल्ले. ती हकीकत चॅप्लिनने वाचली होती. क्लॉन्डाइकच्या खिंडीची छायाचित्रेही त्याने एका मित्राच्या घरी पाहिली होती. सिनेमातले रांगेचे दृश्य त्याने १९२४ साली ट्रकी नावाच्या गावाजवळ घेतले. तो तांडा जिथे अडकला होता त्याच डोंगरांत हे गाव आहे. बाकीचा पुष्कळसा बर्फ मात्र खोटा! हॉलिवूडच्या उन्हात लाकूड, गोणपाट आणि प्लॅस्टर यांचे डोंगर उभारून त्यावर मीठ आणि पीठ पसरले होते. कड्यावर लोंबकळणारी झोपडीही काही ठिकाणी खेळण्याएवढी लहान प्रतिकृती होती आणि काही ठिकाणी खरी, हलणारी खोली होती. पुन्हा पाहाल तेव्हा कुठे कोणती आहे ते ओळखा बरे.

भुकेवर विनोद करायला चॅप्लिन धजला, कारण भूक त्याने स्वतः भोगली होती. तो १८८९ साली लंडनमध्ये जन्मला. वडिलांनी घर सोडलेले, आई आजारी. सातव्या वर्षी त्याला अनाथ-गरिबांसाठी असलेल्या सरकारी आश्रमात राहावे लागले. म्हणूनच बूट खाताना तो तोंड वाकडे करत नाही. मेजवानीला बसल्यासारखा, खिळे हाडांसारखे चोखत, नीटनेटका जेवतो. गरीब माणूससुद्धा आपला आब सोडत नाही, हेच तर त्याला दाखवायचे होते.

३. त्या वेळी आपल्याकडे सिनेमे होते का?

होते तर! 'द गोल्ड रश' जून १९२५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या बारा वर्षे आधी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला होता. त्या काळी सिनेमात काम करायला स्त्रिया तयार नसत. त्यामुळे राणी तारामतीचे काम साळुंके नावाच्या एका पुरुषाने केले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर या साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली.

पण मला आज तुम्हाला सांगायचे आहे ते कोल्हापूरविषयी. बाबूराव मेस्त्री हे तिथले मोठे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवीत म्हणून लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. त्यांना आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना सिनेमा काढायचा ध्यास लागला. पण कॅमेरा आणायचा कुठून? मग त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले. १९२० साली 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

आता गंमत पाहा. ज्या १९२५ साली तिकडे 'द गोल्ड रश' आला, त्याच साली इकडे बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' आला. कथा नारायण हरी आपटे यांची. एक शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो, त्याची जमीन जाते आणि तो पोटासाठी मुंबईला येऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याचे काम केले होते शांतारामांनी. पुढे ज्यांना सगळे जग व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले तेच हे. त्या वेळी आपल्याकडे बहुतेक सिनेमे देवादिकांचे नाहीतर राजेरजवाड्यांचे असत. अशा वेळी साध्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणणे हे मोठेच धाडस होते. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत एक दृश्य पक्के राहिले: एक ओसाड झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे.

तिकडची झोपडी बर्फात, इकडची माळावर. तिकडे सोने मिळवायला निघालेला माणूस, इकडे जमीन हातची गेल्याने निघालेला माणूस. पण दोघांना घराबाहेर काढले ते पोटानेच. एकाने हसवले, दुसऱ्याने रडवले, एवढाच फरक.

मूकपट 'मूक' असला तरी थिएटरात शांतता मुळीच नसे. पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन वादक बसत आणि प्रसंग पाहून वाजवीत. मधूनमधून पडद्यावर लिहिलेली पाटी येई. ती इंग्रजीत आणि एकदोन देशी भाषांत असे. पण तेव्हा वाचता येणारे लोक थोडे. मग ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि आजूबाजूचे ऐकत. आपल्या वर्गातही तेच झाले, लक्षात आले का? मोठ्या गटातल्या मुली पाटी आली की ती भराभर मराठीत सांगत होत्या आणि छोटी मुले पडद्यावरची नजर न काढता कान तिकडे देत होती. शंभर वर्षांपूर्वीचे कोल्हापूरचे थिएटर क्षणभर आपल्या जेद्द्यातल्या खोलीत आले होते!

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि १९३२ मध्ये शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. मूकपटांचा जमाना संपला.

४. मग पुढच्या वेळी आपण 'सावकारी पाश' पाहू या का?

नाही पाहता येणार, मुलांनो. १९२५ चा 'सावकारी पाश' आज जगात कुठेही शिल्लक नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा काढला, पण पहिला गेला तो गेलाच. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण किंवा अर्धेमुर्धे शिल्लक आहेत ते बोटांवर मोजता येतील एवढेच. 'राजा हरिश्चंद्र'चेसुद्धा तुकडेच उरले आहेत.

हे असे का झाले? त्या काळची फिल्म ज्या पदार्थाची असे तो पटकन पेट घेई आणि उष्ण, दमट हवेत विरून जाई. काही आगीत गेल्या. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जपलेल्या जुन्या फिल्मसुद्धा २००३ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पण सर्वांत वाईट वाटते ते दुसऱ्या कारणाचे. फिल्मवर चित्र उमटते ते चांदीमुळे. तिच्या लेपात चांदीचे क्षार असतात. बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारेना. मग लोकांनी ती चांदी काढून विकण्यासाठी फिल्मची भेंडोळी भंगारात काढली. एका भेंडोळ्यातून मिळणार किती, तर चिमूटभर चांदी. पण त्यापायी माणसांचे चेहरे, गावे, झोपड्या, सगळे गेले.

'द गोल्ड रश' वाचला तो का? चॅप्लिनने त्याची काळजी घेतली. १९४२ मध्ये त्याने त्यात स्वतःच्या आवाजातले निवेदन आणि संगीत घालून तो पुन्हा काढला. आपण पाहिला तो पाट्यांचा, म्हणजे पहिला. जे कोणीतरी जपते ते उरते. एवढी एकच गोष्ट या लेखातून लक्षात ठेवलीत तरी पुरे.

५. सौदीत सोने आहे का? की फक्त तेलच?

मला वाटले होते, याचे उत्तर 'बलदच्या सराफ बाजारात आहे' असे देऊन मोकळे व्हावे! पण शोधल्यावर कळले की आपल्या जेद्द्याच्या ईशान्येला, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सोन्याची खाण आहे. तिच्या गावाचे नाव 'महद अल्-दहब'. तुम्ही शाळेत अरबी शिकता, तेव्हा अर्थ तुम्हीच सांगा. बरोबर, 'सोन्याचा पाळणा'! तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीही सोने काढत असत. पुढे अब्बासी खलिफांच्या काळातही खाण चालू होती. मग ती शेकडो वर्षे बंद पडली.

१९३१ मध्ये कार्ल ट्विचेल नावाचा अमेरिकन अभियंता राजे अब्दुल अझीझ यांच्यासाठी इथे आला. तो आला होता पाणी शोधायला! पाण्यासाठी फिरता फिरता त्याने खनिजेही तपासली आणि ही जुनी खाण पुन्हा उजेडात आली. १९३९ ते १९५४ या काळात तिथून वीस टनांहून अधिक सोने निघाले. त्यातले बरेचसे पूर्वीच्या लोकांनी निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या ढिगांतून निघाले, हे विशेष. १९८८ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली. १९३३ मध्ये तेलाचा मोठा करार झाला, त्या वाटाघाटींतही ट्विचेल होता. पाच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, दम्मामच्या सातव्या विहिरीला तेल लागले.

आणि मग इथेही रांग लागली. बर्फाची नव्हे, वाळूची. मुंग्यांसारखी माणसे सगळीकडून आली. केरळातून, फिलिपाईन्समधून, इजिप्तमधून. रत्नागिरीहून, मुंबईहून, सोलापूरहून. त्या रांगेत तुमचे बाबा होते, काहींची आईसुद्धा होती. म्हणजे तुमच्या घरातही एक 'गोल्ड रश' झालेली आहे.

मला हे समजले ते आपल्या एका काकांमुळे. मुलांना सोडायला ते नेहमी येतात आणि बाहेर गाडीत थांबतात. त्या दिवशी उकाडा फार होता म्हणून आत येऊन मागे बसले. नववर्षाच्या संध्याकाळचा प्रसंग आठवतो ना? चार्ली कष्टाचे पैसे घालून जेवण करतो, मेज मांडतो, प्रत्येकीसाठी भेट ठेवतो. काट्यांना पाव टोचून त्यांचा नाच करून दाखवतो. तुम्ही सगळे त्या नाचावर हसत होता. पण तो नाच स्वप्नातला असतो. जागा होतो तेव्हा कोणीच आलेले नसते. तेव्हा मी सहज मागे पाहिले, तर काका चष्मा काढून डोळे पुसत होते.

नंतर खुर्च्या आवरताना ते म्हणाले, "बाई, इथं आलो त्या पहिल्या वर्षी दिवाळीला मी चौघांचा स्वयंपाक केला होता. खोलीतले तिघं जण. नेमकी त्यांची पाळी बदलली, रात्रभर कामावर ठेवलं. कोणालाच येता आलं नाही. मी ताटं मांडून बसलो होतो. घरी फोन करायला सुट्टे रियाल नव्हते." मग हसले आणि म्हणाले, "शिरा मात्र फार छान झाला होता. सकाळी आले तेव्हा गार खाल्ला सगळ्यांनी."

हे त्यांनी आपल्या मुलीला कधी सांगितले नव्हते. ती बाजूलाच उभी होती. तिने खुर्ची खाली ठेवली आणि विचारले, "मग बाबा, तुम्ही एकटे काय करत होता रात्रभर?" पुढचे त्यांचे बोलणे गाडीत झाले. ते मला माहीत नाही, आणि माहीत असायचे कारणही नाही.

ही छोटीशी गोष्ट म्हणजे एक फिल्मच आहे, मुलांनो. ती आतापर्यंत फक्त काकांच्या डोक्यात होती. कोणी विचारले नसते तर 'सावकारी पाश'सारखी ती कायमची गेली असती.

'गोल्ड रश'ला मराठीत काय म्हणायचे?

तुमच्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. 'सोन्याची घाई' (घाई सोन्याला नव्हती, माणसांना होती!), 'सोनेरी गर्दी' (हे ऐकून सगळे हसले), 'सोन्यामागची धाव' (हे मला आवडले). छोट्या गटातल्या एकाने सुचवले, "सोनं लुटायला जाणं. आपण दसऱ्याला जातो तसं."

वर्ग हसला, पण मी विचारात पडले. दसऱ्याची गोष्ट आठवा. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने हवे तेवढेच मोजून घेतले आणि उरलेले लोकांना लुटू दिले. तेव्हापासून आपण आपट्याचे पान देतो आणि म्हणतो, 'सोनं घ्या.' जगात सगळीकडे सोने घेण्यासाठी धावाधाव होते. आपल्याकडे एक दिवस असा आहे, की त्या दिवशी सोने देण्यासाठी धावाधाव होते! इथे आपटा मिळत नाही म्हणून आपण हिरव्या कागदाची पाने कापतो, तरी ते सोनेच असते.

आता तुमचे काम

मोठा गट: 'द गोल्ड रश'मधल्या कोणत्याही पाच पाट्या मराठीत लिहा. पाटी लहान हवी. पडद्यावर असेपर्यंत वाचून झाली पाहिजे. वाक्य बोलल्यासारखे वाटले पाहिजे.

छोटा गट: बूट खातानाचे चित्र काढा आणि त्याखाली एक वाक्य लिहा.

सर्वांसाठी: घरी आईला किंवा बाबांना एकच प्रश्न विचारा, 'तुम्ही इथे आलात तो पहिला महिना कसा होता?' उत्तर ऐका, मध्ये बोलू नका आणि मराठीत लिहून आणा. दहा ओळी पुरेत. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त करीन, त्याची काळजी करू नका. आलेल्या सगळ्या गोष्टी पुढच्या अंकात छापू. झेरॉक्सच्या चार प्रती जास्त काढून त्या नीट फाइल करून ठेवू. म्हणजे आपल्या फिल्म तरी जपल्या जातील.

तुमची,
काकू